टेक्ससमध्ये घर करताना: खर्च, घराची किंमत आणि सुरक्षितता पत्त्यानुसार कशी तपासावी

टेक्ससमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही आणि कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीच्या मानाने तेथे घरे स्वस्त आहेत, या दोन गोष्टींमुळे गेल्या काही वर्षांत पुष्कळ मराठी कुटुंबे डॅलस, ह्यूस्टन आणि ऑस्टिनकडे वळली आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु त्या अर्ध्याच खऱ्या आहेत. जो पैसा इतर राज्ये पगारातून घेतात, त्याचा बराच भाग टेक्ससमध्ये शाळा, काउंटी (जिल्हा प्रशासन) आणि नगरपालिका घरमालकाकडून वसूल करतात, तर हवामान आणि माती आपला वाटा विम्याच्या आणि दुरुस्तीच्या रूपाने घेतात. एकाच किमतीच्या, एकमेकांपासून चार-पाच मैलांवर असलेल्या दोन घरांच्या मासिक खर्चात तीन-चारशे डॉलरचा फरक सहज पडतो आणि तो फरक जाहिरातीत कोठेही दिसत नाही. म्हणून “टेक्सस परवडते का” हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि “हा पत्ता परवडतो का” असे विचारावे. पुढील सर्व टप्पे याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आहेत.

पहिला टप्पा: पगाराची खरी तुलना

टेक्ससमध्ये वैयक्तिक प्राप्तिकर लावण्यास २०१९ च्या घटनादुरुस्तीने मनाई केलेली आहे. केंद्रीय प्राप्तिकर, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात मात्र अन्य राज्यांप्रमाणेच होते. नवी नोकरी स्वीकारण्यापूर्वी सध्याच्या पगारपत्रकावरील राज्य कराचा आकडा वर्षभरासाठी काढावा आणि तेवढीच आपली बचत, असे धरावे. कंपनी टेक्ससमध्ये पगार कमी देत असेल, तर ही बचत तेथेच संपते.

विक्रीकर राज्याचा ६.२५ टक्के आणि स्थानिक संस्थांचा जास्तीत जास्त २ टक्के असतो, त्यामुळे मोठ्या शहरांत तो ८.२५ टक्के भरावा लागतो. भाजीपाला, दूध, धान्य, पीठ अशा न शिजवलेल्या खाद्यपदार्थांवर आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांवर तो लागत नाही. घरी स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबाला हा कर फारसा जाणवत नाही, पण फर्निचर आणि उपकरणे घेताना तो डोळ्यांत भरतो.

दुसरा टप्पा: भाग निवडणे

डॅलसच्या उत्तरेकडील प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी आणि पश्चिमेकडील अर्व्हिंग येथे माहिती-तंत्रज्ञान, बँकिंग आणि दूरसंचार क्षेत्रातील भारतीयांची मोठी वस्ती आहे. ह्यूस्टनमध्ये ऊर्जा उद्योग आणि टेक्सस मेडिकल सेंटर या दोन आधारांवर रोजगार उभा आहे, आणि कुटुंबे प्रामुख्याने शुगर लँड, केटी व पेअरलँड येथे राहतात. ऑस्टिनकडे जाणारे बहुतेक लोक संगणक आणि चिप उद्योगातील असून ते राउंड रॉक, सीडर पार्क किंवा लिअँडर येथे घर पाहतात. सॅन अँटोनियो चौघांत स्वस्त आहे, मात्र तेथे आपल्या लोकांसाठी नोकऱ्यांची निवड तुलनेने कमी आहे.

किमतींचा अंदाज असा: राज्यातील मधल्या किमतीचे घर अलीकडे साधारण ३,३०,००० ते ३,४०,००० डॉलरच्या आसपास राहिले आहे. ऑस्टिन महानगरात ती किंमत मे २०२२ मध्ये साडेपाच लाखांवर गेली आणि नंतर बरीच खाली आली. त्या उन्हाळ्यात बोली लावून घर घेतलेल्यांपैकी अनेकांच्या घराची किंमत आज खरेदीपेक्षा कमी आहे. “टेक्ससमध्ये घराचे भाव वाढतच जातात” असे कोणी ठामपणे सांगू लागले, तर ऑस्टिनचा हा ताजा अनुभव लक्षात ठेवावा.

येथे एक अडचण अशी की टेक्ससमध्ये घर किती किमतीला विकले गेले हे सरकारी नोंदीत जाहीर करणे बंधनकारक नाही. त्यामुळे संकेतस्थळांवरील अंदाज ढोबळ असतात. त्याच वसाहतीतील गेल्या सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष विक्रीची यादी एजंटकडून लेखी मागून घ्यावी.

तिसरा टप्पा: पहिले वर्ष भाड्याने

नव्याने येणाऱ्या कुटुंबाने निदान एक उन्हाळा भाड्याच्या घरात काढावा, हे माझे ठाम मत आहे. रोजचा प्रवास, शाळा आणि ऑगस्टमधील उकाडा यांचा अंदाज कागदावरून येत नाही. ऑस्टिनमध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ४५ दिवस पारा १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअसच्या वर होता.

अपार्टमेंट देताना बहुतेक ठिकाणी भाड्याच्या तिप्पट मासिक उत्पन्न पाहिले जाते. जाहिरातीतील भाड्यावर पाणी, कचरा, कीटकनाशक फवारणी, पार्किंग आणि दारातून कचरा उचलण्याची सेवा यांचे आकार वेगळे लागतात, म्हणून सही करण्यापूर्वी “दरमहा एकूण किती” हा आकडा ईमेलवर मागावा. भाड्यावर सरकारी नियंत्रण नाही आणि करार संपल्यावर वाढ किती करावी यावर मर्यादा नाही. ज्या भागात नवी अपार्टमेंट मोठ्या संख्येने उभी राहिली आहेत, तेथे एक-दोन महिन्यांचे भाडे माफ होते. मात्र अशी सवलत पुढच्या वर्षी राहत नाही, म्हणून तुलना नेहमी मूळ भाड्याची करावी.

ताबा घेतल्यावर घराच्या स्थितीचा तक्ता भरून द्यावा लागतो आणि त्याची मुदत बहुधा ४८ तास असते. गालिच्यावरील डाग, तुटलेली जाळी, ओव्हनवरील ओरखडा अशा सर्व गोष्टी त्यात लिहून सोबत छायाचित्रे पाठवावीत. घर सोडताना नवा पत्ता लेखी दिला, तर ३० दिवसांच्या आत अनामत रक्कम किंवा कपातीचा तपशील देणे घरमालकावर बंधनकारक आहे. हा पत्ता न दिल्यामुळे अनेकांची रक्कम अडकून राहते.

भाड्याचे घर तळमजल्यावर असेल तर पुराचे प्रकटन अवश्य वाचावे. जागा पूररेषेत आहे का आणि गेल्या पाच वर्षांत तेथे पाणी शिरले होते का, हे भाडेकरूला लेखी कळवण्याचे बंधन २०२२ पासून लागू आहे.

चौथा टप्पा: मालमत्ता कर समजून घेणे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण घराचे कर्ज कधीतरी फिटते, पण हा कर कायम राहतो. एकाच घरावर काउंटी, शहर, स्कूल डिस्ट्रिक्ट, कम्युनिटी कॉलेज आणि कधी कधी रुग्णालय जिल्हा अशा अनेक संस्था आपापला दर लावतात. त्यांतील सर्वांत मोठा वाटा शाळांचा असतो. जुन्या वसाहतींत सर्व दरांची बेरीज अनेकदा पावणेदोन ते सव्वादोन टक्क्यांच्या दरम्यान येते.

शहराच्या हद्दीबाहेर उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींत यात आणखी एक नाव येते ते म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचे, ज्याला सगळे नुसते “मड” म्हणतात. रस्ते, पाण्याच्या वाहिन्या आणि मलनिस्सारण यांसाठी काढलेले कर्जरोखे ही संस्था रहिवाशांच्या करातून फेडते. केटी, सायप्रेस, लिअँडर किंवा प्रॉस्परजवळच्या नव्या वसाहतीत तेच घर शहरातील घरापेक्षा स्वस्त दिसते, त्यामागे पुष्कळदा हा कर असतो.

हिशेब करून पाहू. समजा, घर ४,५०,००० डॉलरचे आहे, शाळेचा दर १.०५ टक्के आहे आणि बाकीच्या संस्थांचे मिळून ०.७५ टक्के. स्वतः राहत असलेल्या घराला होमस्टेड सवलत मिळते आणि शाळेच्या करासाठी घराच्या मूल्यातून १,४०,००० डॉलर वजा होतात. ही रक्कम २०२३ मध्ये ४०,००० वरून १,००,००० झाली आणि नोव्हेंबर २०२५ च्या मतदानाने १,४०,००० झाली. त्यामुळे शाळेचा कर ३,१०,००० वर, म्हणजे ३,२५५ डॉलर, आणि बाकीचा पूर्ण मूल्यावर ३,३७५ डॉलर, असा एकूण वर्षाला ६,६३० डॉलर होतो. दरमहा साधारण ५५३. आता तेच घर ०.८० टक्के मड कर असलेल्या वसाहतीत आहे असे धरले, तर वर्षाला ३,६०० डॉलर वाढतात आणि मासिक आकडा ८५३ वर जातो.

वीस टक्के रक्कम भरून ३,६०,००० डॉलरचे ३० वर्षांचे कर्ज साडेसहा टक्क्यांनी घेतले, तर हप्ता २,२७५ डॉलर बसतो. त्यात मड असलेल्या घराचा कर ८५३, वर्षाला ४,००० डॉलर धरून विम्याचे ३३३ आणि वसाहतीच्या संघटनेचे ६० मिळवले की दरमहा ३,५२१ डॉलर होतात. बँकेच्या जाहिरातीतील २,२७५ आणि हातातून जाणारे ३,५२१ यांतील अंतरामुळे कितीतरी कुटुंबांचे अंदाजपत्रक पहिल्या दोन वर्षांतच कोलमडते.

कर तपासताना दोन सापळे विशेषकरून सांभाळावेत. विक्रेत्याने भरलेला कर हा आपला कर नसतो. स्वतः राहत असलेल्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, आणि मालक ६५ वर्षांवरील असेल तर त्याला जादा सवलत मिळून शाळेचा कर गोठतो. घर विकले गेले की हे सर्व लाभ संपतात आणि मूल्य बाजारभावाला नेले जाते. म्हणून काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (घरांचे करासाठीचे मूल्य ठरवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर त्या पत्त्याचे बाजारमूल्य आणि लागू असलेल्या संस्थांची यादी पाहावी, चालू दर घ्यावेत आणि आपल्या खरेदी किमतीवर हिशेब स्वतः करावा.

दुसरा सापळा नव्या बांधकामाचा. कराचे मूल्यांकन १ जानेवारीच्या स्थितीवर होते. त्या दिवशी तेथे नुसता भूखंड असेल, तर पहिल्या वर्षाचा कर फक्त जमिनीचा येतो आणि कर्ज देणारी संस्था एस्क्रोसाठी, म्हणजे कर आणि विमा भरण्यासाठी हप्त्याबरोबर जमा होणाऱ्या खात्यासाठी, तेवढेच पैसे कापते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचा कर येतो, एस्क्रोत खड्डा पडतो, आणि मागची तूट व पुढची वाढ मिळून हप्ता एकदम सहा-सातशे डॉलरनी वाढतो. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या महिन्यापासून पूर्ण कराचा हिशेब करून फरकाची रक्कम वेगळ्या खात्यात टाकत राहावी.

पाचवा टप्पा: पाणी, माती आणि गारा

ऑगस्ट २०१७ मधील हार्वे वादळात आग्नेय टेक्ससमध्ये काही ठिकाणी ६० इंचांहून अधिक पाऊस पडला. ह्यूस्टनच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर नावाची पूरनियंत्रणाची दोन धरणे आहेत, आणि त्यांच्या मागे जेथे पाणी साठणे अपेक्षितच होते, त्या जागेवर वसाहती उभ्या राहिल्या होत्या. तेथील हजारो घरमालकांना आपण जलाशयाच्या पोटात राहतो हे पाणी घरात आल्यावर कळले. अधिकृत पूररेषेबाहेरचीही हजारो घरे त्या वेळी बुडाली.

त्यामुळे तीन ठिकाणी पाहावे. फेमाच्या, म्हणजे केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, पूरनकाशात पत्ता टाकून क्षेत्र कोणते ते पाहावे; “एई” म्हणजे उच्च धोका आणि “एक्स” म्हणजे तुलनेने कमी धोका, शून्य धोका मात्र नव्हे. ह्यूस्टन परिसरात हॅरिस काउंटी फ्लड कंट्रोल डिस्ट्रिक्टचे नकाशेही पाहावेत. आणि विक्रेत्याचे प्रकटनपत्र ओळन् ओळ वाचावे, कारण २०१९ पासून त्यात पूर्वीचे पूर, पुराच्या विम्याचे दावे आणि घर जलाशयाच्या साठवण क्षेत्रात आहे का, हे सांगावे लागते. बिल्डरकडून घेतलेल्या कोऱ्या घराला हे प्रकटनपत्र लागू नाही, तेथे शोध आपणच घ्यावा लागतो. शक्य असल्यास मोठा पाऊस पडून गेल्यावर त्या रस्त्यावर जाऊन पाणी कोठे साचते ते पाहावे आणि शेजाऱ्यांना विचारावे. लोक मोकळेपणाने सांगतात.

घराच्या साध्या विम्यात पुराचे नुकसान येत नाही. राष्ट्रीय पूर विमा योजनेत इमारतीसाठी २,५०,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलरपर्यंत संरक्षण मिळते, परंतु नव्या पॉलिसीला साधारणपणे ३० दिवसांची प्रतीक्षा असते, त्यामुळे वादळ मेक्सिकोच्या आखातात आल्यावर ती घेऊन उपयोग नाही. ह्यूस्टन परिसरात घर “एक्स” क्षेत्रात असले तरी हा विमा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गॅल्वेस्टनसारख्या किनारी काउंटींत वाऱ्याचे नुकसानही नेहमीच्या पॉलिसीतून अनेकदा वगळलेले असते आणि त्यासाठी टेक्सस विंडस्टॉर्म इन्शुरन्स असोसिएशनची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते.

डॅलसच्या बाजूला पुरापेक्षा गारांचा प्रश्न मोठा आहे. पॉलिसीत वारा आणि गारा यांसाठीचे डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीचा आपण स्वतः सोसायचा पहिला भाग, टक्क्यांत असते, आणि ते टक्के नुकसानीचे नसून घराच्या विमा रकमेचे असतात. घर ४,००,००० डॉलरचे विमाकृत असेल आणि डिडक्टिबल २ टक्के असेल, तर छपराच्या १८,००० डॉलरच्या कामात पहिले ८,००० आपल्या खिशातून जातात. जुन्या छपराला काही कंपन्या घसारा वजा करूनच भरपाई देतात, म्हणून घर पाहताना छपराचे वय विचारावे आणि खरेदी पक्की करण्यापूर्वी त्याच पत्त्यासाठी विम्याचे निदान तीन दर मागवावेत. गारा पडून गेल्या की दारोदार फिरणारे छपरवाले येतात. “डिडक्टिबल आम्ही सोसतो” असे सांगणारा ठेकेदार टेक्ससच्या कायद्याविरुद्ध वागत असतो, त्याला दारातूनच निरोप द्यावा.

आता मातीविषयी. डॅलसपासून ऑस्टिनमार्गे सॅन अँटोनियोपर्यंत काळ्या चिकणमातीचा पट्टा आहे, आणि तेथील “ह्यूस्टन ब्लॅक” ही टेक्ससची राज्य-माती मानली जाते. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच जमीन फुगते, हे ज्याने पाहिले आहे त्याला डॅलसच्या घराचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. येथील घरे बहुधा काँक्रीटच्या सपाट स्लॅबवर उभी असतात. जमीन असमान फुगली-आकसली की स्लॅब वाकतो. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या जाणाऱ्या भेगा, चौकटीत अडकणारी दारे, विटांच्या बांधकामातील जिन्यासारखी चीर आणि एका बाजूला उतरती वाटणारी फरशी या खुणा स्वतः पाहाव्यात. शंका आली तर पाया दुरुस्त करणाऱ्या कंपनीला न बोलावता, दुरुस्तीत ज्याचा स्वार्थ नाही अशा स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन अहवाल घ्यावा. राहायला गेल्यावर उन्हाळ्यात पायापासून फूट-दीड फुटावर झिरपणारी नळी टाकून माती सारखी ओलसर ठेवावी आणि मोठी झाडे भिंतीला खेटून लावू नयेत.

सहावा टप्पा: शाळेची हद्द

टपालाच्या पत्त्यावरील शहराचे नाव आणि शाळेची हद्द यांचा संबंध असतोच असे नाही. फ्रिस्को शहराचे वेगवेगळे भाग फ्रिस्को, प्रॉस्पर, लुईसव्हिल आणि लिटल एल्म अशा चार स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये येतात, तर फ्रिस्को डिस्ट्रिक्टमध्ये प्लेनो आणि मॅकिनीचेही काही भाग आहेत. डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर अचूक पत्ता टाकून शाळा पाहावी. वेगाने वाढणाऱ्या भागात हद्दी बदलतात, म्हणून पुढील फेरबदलाचा प्रस्ताव आहे का, तेही विचारावे. राज्याची शिक्षण संस्था शाळांना ए ते एफ श्रेणी देते, पण ती प्रामुख्याने परीक्षांच्या निकालावर आधारलेली असल्यामुळे शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलणे टाळू नये.

सातवा टप्पा: कर्ज आणि करार

एच-१बी व्हिसावर असलेल्यांना नेहमीचे गृहकर्ज मिळते, मात्र एफएचएचे (केंद्र सरकारच्या विम्याचे पाठबळ असलेले) नवे कर्ज २५ मे २०२५ पासून स्थायी रहिवासी नसलेल्यांना मिळत नाही. व्हिसाची मुदत जवळ आली असेल, तर नूतनीकरणाची कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत. टेक्ससमध्ये विवाहकाळात मिळवलेली मालमत्ता पती-पत्नीची सामाईक मानली जाते, त्यामुळे कर्ज एकाच्या नावावर असले तरी काही कागदांवर दोघांच्याही सह्या लागतात.

टेक्ससच्या करारातील सर्वांत उपयुक्त तरतूद म्हणजे ऑप्शन पिरियड. थोडी रक्कम भरून बहुधा पाच ते दहा दिवस मिळतात, आणि त्या काळात खरेदीदार कोणतेही कारण न देता माघार घेऊ शकतो. ऑप्शनची रक्कम जाते, पण बयाणा परत मिळतो. बाजार तेजीत असताना हा कालावधी सोडून देण्याचा आग्रह होतो. तो कधीही मानू नये. या दिवसांत राज्याचा परवाना असलेल्या इन्स्पेक्टरकडून पूर्ण तपासणी, वाळवीची तपासणी, गरज असल्यास पायाची तपासणी आणि विम्याचे पक्के दर, एवढे सगळे उरकायचे असते, म्हणून इन्स्पेक्टरची वेळ करारापूर्वीच ठरवून ठेवावी. बिल्डरच्या नव्या घरालाही स्वतंत्र तपासणी करावी, शक्यतो भिंती बंद होण्यापूर्वी एकदा आणि ताबा घेताना एकदा. बिल्डरचा स्वतःचा करार वेगळा असतो आणि त्यात ऑप्शन पिरियड बहुधा नसतो, हे लक्षात घेऊन तो वकिलाला दाखवावा.

आठवा टप्पा: वीज

ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोमध्ये वीज शहराच्या मालकीची कंपनी देते, तेथे निवड करावी लागत नाही. डॅलस आणि ह्यूस्टनमध्ये मात्र विक्रेता आपण निवडायचा असतो. राज्याच्या आयोगाचे “पॉवर टू चूज” हे संकेतस्थळ वापरावे, पण यादीतील सर्वांत वरचा दर डोळे झाकून घेऊ नये. प्रत्येक योजनेसोबत “इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल” नावाचा कागद असतो, त्यात ५००, १,००० आणि २,००० युनिटला सरासरी दर किती पडतो ते दिलेले असते.

समजा, दर सर्व आकारांसह युनिटला २० सेंट आहे आणि १,००० युनिट वापरल्यास १२५ डॉलरची सूट आहे. बरोबर १,००० युनिटला बिल ७५ डॉलर येते आणि जाहिरात साडेसात सेंटची होते. त्याच घरात ९५० युनिट वापरले, तर सूट मिळत नाही आणि बिल १९० डॉलर येते. घराचा वापर महिन्यागणिक बदलतो, ऑगस्टमध्ये २,००० युनिटच्या पुढे जातो आणि मार्चमध्ये निम्म्याहून खाली येतो. अशा कुटुंबाने सूट नसलेली, एकसारख्या दराची, १२ महिने किंवा अधिक मुदतीची योजना घ्यावी. बाजारभावाशी जोडलेला दर कधीही घेऊ नये. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात घाऊक वीज मेगावॅट-तासाला ९,००० डॉलरवर गेली आणि अशा योजनांतील ग्राहकांना हजारो डॉलरची बिले आली. मुदत संपताच दर आपोआप बदलत्या दरावर जातो, म्हणून शेवटच्या १४ दिवसांत नवी योजना घ्यावी, त्या काळात मुदतपूर्व दंड लागत नाही.

त्या हिमवादळात राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसे दगावली, त्यांपैकी बरीच थंडीने आणि काही घरात वा गाडीत कोंडलेल्या कार्बन मोनॉक्साइडने. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळानंतर ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि अनेकांना भर उन्हाळ्यात कित्येक दिवस ती मिळाली नाही. घरात वृद्ध आई-वडील किंवा लहान मूल असेल, तर पिण्याचे पाणी, औषधे, बॅटरी आणि वीज गेल्यास जाण्याचे ठिकाण आधी ठरवून ठेवावे. जनरेटर आणि कोळशाची शेगडी घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही पेटवू नये.

नववा टप्पा: सुरक्षितता

सुरक्षिततेचा विषय निघाला की बोलणे बंदुकीवर जाते, आणि ते स्वाभाविक आहे. सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते. मे २०२३ मध्ये ॲलन येथील मॉलमधील गोळीबारात आठ जण मारले गेले, त्यांत एक भारतीय तरुण अभियंती होती. मुले मित्रांकडे खेळायला जात असतील, तर त्या घरात बंदूक आहे का आणि ती कुलुपात असते का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. तेथे हा प्रश्न उद्धट मानला जात नाही.

तरीही रोजच्या जगण्यातला मोठा धोका रस्त्यावरचा आहे. ७ नोव्हेंबर २००० पासून टेक्ससच्या रस्त्यांवर अपघाती मृत्यू झाला नाही असा एकही दिवस गेलेला नाही, आणि अलीकडे वर्षाला चार हजारांहून अधिक माणसे मरतात. म्हणून घर निवडताना कामाचे अंतर हा सुरक्षिततेचाही निकष मानावा. गाडीचा किमान सक्तीचा विमा समोरच्या एका व्यक्तीच्या इजेसाठी ३०,०००, एका अपघातातील सर्वांच्या इजेसाठी ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी २५,००० डॉलरचा आहे आणि तो गंभीर अपघातात फार अपुरा पडतो. दायित्वाची मर्यादा वाढवावी, तसेच समोरच्याकडे विमा नसल्यास मिळणारे संरक्षण कधीही नाकारू नये. पाण्याने झाकलेल्या रस्त्यावर गाडी घालू नये. जुलै २०२५ मध्ये ग्वाडालूप नदीच्या रात्रीतल्या पुरात शंभराहून अधिक बळी गेले आणि मध्य टेक्ससच्या टेकड्यांत पाणी असेच अचानक चढते.

गुन्ह्यांची आकडेवारी शहरभराची पाहून उपयोग नाही, कारण एकाच ह्यूस्टनमध्ये अतिशय शांत आणि बऱ्यापैकी अशांत अशा दोन्ही वस्त्या आहेत. पोलिसांच्या नकाशावर पत्त्याभोवतीचा एक मैल पाहावा आणि रात्री नऊनंतर त्या रस्त्यावरून एकदा जावे. भारतीय घरांत सोने असते हे हेरून घरफोडी करणाऱ्या टोळ्या टेक्सससह अनेक राज्यांत पकडल्या गेल्या आहेत. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत, आणि घरी ठेवायचेच असतील तर पॉलिसीत त्यांची स्वतंत्र नोंद करावी, कारण साध्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीची मर्यादा अगदी थोडी असते.

टोर्नेडोसाठी, म्हणजे जमिनीवरून फिरत येणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळासाठी, “वॉच” म्हणजे शक्यता आणि “वॉर्निंग” म्हणजे ताबडतोब आडोसा. टेक्ससच्या घरांना सहसा तळघर नसते, त्यामुळे तळमजल्यावरील खिडकी नसलेली, घराच्या मधली खोली आधीच निश्चित करून मुलांना दाखवून ठेवावी.

आजारपणात आणखी एक काळजी घ्यावी. टेक्ससमध्ये रस्तोरस्ती स्वतंत्र इमर्जन्सी रूम आहेत आणि त्या अर्जंट केअरसारख्याच (किरकोळ आजारांच्या दवाखान्यासारख्याच) दिसतात, पण बिल रुग्णालयाच्या इमर्जन्सीचे येते. साध्या तापासाठी पाटीवर “इमर्जन्सी” हा शब्द आहे का ते पाहूनच आत जावे. भारतातून येणाऱ्या आई-वडिलांचा प्रवासी आरोग्य विमा त्यांच्या विमानापूर्वी घ्यावा.

दहावा टप्पा: राहायला गेल्यावरची कामे

दुसऱ्या राज्यातून आणलेल्या गाडीची नोंदणी ३० दिवसांत आणि चालक परवाना ९० दिवसांत करून घ्यावा लागतो. गाडीची वार्षिक सुरक्षा तपासणी २०२५ पासून बंद झाली आहे, मात्र डॅलस, कॉलिन, हॅरिस, ट्रॅव्हिससारख्या मोठ्या काउंटींत धुराची चाचणी अजून लागते. परवान्यावर नव्या घराचाच पत्ता घालून घ्यावा, कारण होमस्टेडच्या अर्जाला तो जुळावा लागतो.

होमस्टेडचा अर्ज अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे विनामूल्य होतो. घर घेतल्यावर काही खासगी कंपन्यांची सरकारी वाटणारी पत्रे येतात आणि अर्ज भरून देण्यासाठी पैसे मागतात; ती फाडून टाकावीत. वरच्या उदाहरणातील घराला ही सवलत न घेतल्यास वर्षाला १,४७० डॉलर जास्त जातात. कराचे बिल साधारण ऑक्टोबरमध्ये येते आणि ३१ जानेवारीपर्यंत भरायचे असते.

एप्रिलच्या सुमारास घराच्या नव्या मूल्याची नोटीस येते. मूल्य जास्त वाटल्यास १५ मे किंवा नोटीस दिल्यापासून ३० दिवस, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत हरकत नोंदवता येते, आणि ही नोटीस प्रत्येक वर्षी तपासून पाहावी. खरेदी नुकतीच आणि कमी किमतीला झाली असेल तर क्लोजिंगचा (खरेदी पूर्ण झाल्याचा) कागद, नसेल तर वसाहतीतील तुलनात्मक विक्री, तसेच पाया, छप्पर किंवा गळतीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि छायाचित्रे जोडावीत. प्रथम डिस्ट्रिक्टच्या मूल्यांककाशी अनौपचारिक चर्चा होते आणि बरीच प्रकरणे तेथेच मिटतात. तेथे पटले नाही तर अप्रेझल रिव्ह्यू बोर्डापुढे सुनावणी होते, तिला वकील लागत नाही. आपली बाजू मांडायला काही मिनिटेच मिळतात, म्हणून डिस्ट्रिक्टने वापरलेला पुरावा सुनावणीपूर्वी लेखी मागून घ्यावा आणि त्यातील घरांचे क्षेत्रफळ, वय व स्थिती आपल्या घराशी ताडून, जी घरे तुलनेला अयोग्य आहेत त्यांची यादी एका पानावर तयार न्यावी.